वाजवी भीती

माझ्या मशीनवर ‘मला भीती वाटली’ हे
एका ठोक्यात येतं.
चार बोटं, एक दाब.
सुटे सुटे शब्द टाइप करत बसलं
तर साक्षीदार पुढे निघून जातो, आणि हे वाक्य
आमच्या कोर्टात इतक्यांदा येतं
की नोकरीच्या पहिल्याच महिन्यात
मी ते आखूड करून टाकलं.
बत्तीस वर्षं झाली. जॉर्जियातली ही काउंटी छोटी आहे,
भीती मात्र भरपूर पिकते.

मार्चमध्ये ते हार्लन क्रूज म्हणाला.
तळ्याच्या रस्त्यावरचा पेट्रोलपंप, रात्रीचे पावणेदहा,
पोरगा एकोणीस वर्षांचा, टॅव्हारिस,
हातात काहीतरी चकाकत होतं.
चकाकत होता तो बर्फ.
दहा पौंडांची पिशवी, मासे ठेवायला.
बर्फ मुद्देमाल म्हणून सांभाळता येत नाही.
कोर्टात आली ती रिकामी पिशवी,
घडी घातलेली, नंबर चिकटवलेला.
टेप लावून मोजलं होतं : चौदा फूट.
वकील म्हणाला, कायदा माणसाला
एक पाऊलसुद्धा मागे घ्यायला सांगत नाही.
ज्युरी बसलीच नाही.
शुक्रवारी दुपारी क्रूज घरी,
आणि पुढच्या आठवड्यात पिस्तूलही,
सही घेऊन, तपकिरी पाकिटात.

त्याची बायको चर्चमध्ये माझ्या बाकावर बसते.
क्रूज आमच्यातला.
(आमच्यातला. हा शब्द मी आधी खोडला होता.)

ऑक्टोबरमध्ये तेच व्हर्नेल ओक्स म्हणाली.
नदीपलीकडची. कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी,
डाव्या मनगटाला पट्टा, अकरा महिने तुरुंगात,
कारण जामिनाची रक्कम तिच्या घरापेक्षा मोठी.
वेगळा राहणारा नवरा, त्याच्यावर मनाईहुकूम
(तोही मीच टाइप केलेला),
स्वयंपाकघराचं दार खांद्याने तोडून आत.
टेप लावून मोजलं : अडीच फूट.
सरकारी वकील म्हणाला, मागचं दार उघडं होतं,
मग पळाली का नाहीस?
सात वेळा विचारलं. मला नेमकं सांगता येतं,
प्रत्येक प्रश्नाला ओळ क्रमांक असतो.
‘घर माझं आहे.’
मग पळाली का नाहीस?
‘पोरगी झोपली होती आत.’
मग पळाली
इथे ती नुसतीच बघत राहिली त्याच्याकडे.
बघणं माझ्या मशीनला येत नाही.
बोटं किल्ल्यांवर ठेवून मी बसून राहिले,
आणि नोंदीत त्या जागी
काहीच नाही.

न्यायाधीशांनी ज्युरीला समजावलं :
भीती वाजवी असली पाहिजे.
वाजवी. भाव असतो तसा.
क्रूजची चौदा फुटांवरून खपली, घासाघीस न करता.
हिची अडीच फुटांवर
महाग पडली.
पंधरा वर्षं.

परवा तिची आई आली, अपिलासाठी नक्कल मागायला.
चारशे बारा पानं, पानाला साडेतीन डॉलर.
दर सरकारी आहे, मी म्हटलं, माझ्या हातात नाही.
तिने हिशेब केला नाही, पर्सही उघडली नाही.
फक्त म्हणाली, ती घाबरली होती
ते कुठे लिहिलंय, तेवढं दाखव.

पान दोनशे अठ्ठ्याऐंशी, ओळ चौदा.
मशीनची मूळ पट्टीही काढून दाखवली, उगाच,
म्हणजे तिला कळावं की मी काही गाळलेलं नाही.
म्हातारीने त्या एका ठोक्यावर
नख टेकवलं.
‘एवढंच?’